अंगावर काढलेला गुडघा: कुत्र्याची जुनी लिगामेंटची दुखापत आणि संधिवात कसा सांभाळायचा

कुत्रा मागच्या एका पायाने लंगडायला लागतो. काही आठवड्यांत लंगडणं कमी होतं, घरच्यांना सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटतं आणि विषय मागे पडतो. वर्ष-दोन वर्षांनी तोच कुत्रा सकाळी उठताना दोनदा प्रयत्न करतो, पलंगावर चढायचं सोडून देतो, फिरायला गेल्यावर अर्ध्या वाटेतून परत फिरतो. डॉक्टर गुडघा चाचपतात आणि सांगतात, लिगामेंट, म्हणजे सांध्यातली हाडं बांधून ठेवणारा चिवट पट्टा, केव्हाच गेलंय, आता सांध्यात संधिवात धरलाय. प्रौढ कुत्रा दत्तक घेणाऱ्यांच्या वाट्याला तर हे दुखणं कुत्र्याबरोबरच येतं, मागचा इतिहास काहीच माहीत नसतो.

असा गुडघा पुन्हा नव्यासारखा होत नाही, पण चांगला सांभाळता येतो. त्यासाठी रोजचा सारखेपणा लागतो. बहुतेक घरांत उलटं चालतं: पाच दिवस कुत्रा झोपून, सुटीच्या दिवशी लांबचा फेरफटका, मग दोन दिवस लंगडणं, मग पुन्हा आराम. खाली दिलेली प्रत्येक पायरी हे चक्र मोडण्यासाठी आहे.

गुडघ्यात नेमकं काय झालंय

माणसांमध्ये खेळाडूंचं जे लिगामेंट तुटतं, तेच कुत्र्यात क्रेनियल क्रुशिएट लिगामेंट म्हणून ओळखतात. फरक असा की माणसात ते बहुधा एका झटक्यात तुटतं, तर कुत्र्यात महिनोन्‌महिने धागा धागा विरत जातं. ‘उडी मारली आणि पाय गेला’ असं आपण म्हणतो, पण उडीच्या दिवशी फक्त उरलेले धागे तुटलेले असतात.

कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग सपाट नसून मागे कललेला असतो, साधारण २५ अंशांच्या आसपास. त्यामुळे पायावर भार आला की नडगी पुढे घसरू पाहते. ते घसरणं लिगामेंट अडवतं. लिगामेंट गेलं की प्रत्येक पावलागणिक हाड पुढे सरकतं, कूर्चा घासते आणि सांध्याच्या आतल्या बाजूची मेनिस्कस ही गादी चिरडली जाऊ शकते. शरीर आपल्या परीने सांध्याभोवती जाड, चिवट ऊती तयार करून गुडघा आवळतं. लंगडणं कमी होतं ते यामुळे. आत मात्र हाडाच्या कडांना टोकं फुटत राहतात आणि संधिवात वाढत जातो.

दुसऱ्या पायाकडेही लक्ष हवं. एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्म्यांचा दुसरा गुडघाही पुढे तसाच जातो. त्यामुळे खालचं सगळं ‘चांगल्या’ पायासाठीही तितकंच आहे.

पायरी १: आधी घरी नीट बघा, मग निदान पक्कं करा

कुत्रा उभा असताना त्याच्या मागे बसा आणि दोन्ही मांड्या एकाच वेळी दोन हातांत धरा. जुनी दुखापत असलेल्या बाजूची मांडी बारीक लागते, कधीकधी फरक इतका असतो की हाताला लगेच कळतो. मग बोटं गुडघ्याच्या आतल्या बाजूला न्या. जुन्या केसमध्ये तिथे एक टणक, हाडासारखा उंचवटा जाणवतो, दुसऱ्या गुडघ्याला तो नसतो. आता त्याला बसायला सांगा. निरोगी कुत्रा दोन्ही गुडघे दुमडून चौकोनी बसतो. दुखणारा गुडघा पूर्ण दुमडवत नाही, म्हणून तो पाय बाहेर फेकलेला राहतो आणि कुत्रा एका कुल्ल्यावर कललेला दिसतो. नखंही बघा: ज्या पायावर भार कमी पडतो त्याची नखं कमी झिजतात आणि लांब राहतात.

कुत्रा ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, हा समज आधी काढून टाका. जुनं दुखणं असलेला कुत्रा क्वचितच ओरडतो. तो खेळणं कमी करतो, हात लावला की गुरगुरतो, रात्री जागा बदलत राहतो, गुडघा चाटत बसतो. घरचे म्हणतात, ‘वय झालं त्याचं’. वयाच्या नावावर बरीच दुखणी खपून जातात.

डॉक्टर तपासताना मांडीचं हाड धरून नडगी पुढे सरकते का ते बघतात. जुन्या दुखापतीत गुडघा आवळलेला असतो, त्यामुळे ही चाचणी फसवी ठरू शकते. दणकट कुत्रा स्नायू ताणून धरतो तेव्हाही तसंच होतं. म्हणून गुंगी देऊन तपासणी आणि एक्स-रे करायला डॉक्टर सुचवतील, तर ते टाळू नका. एक्स-रेत लिगामेंट स्वतः दिसत नाही, पण सांध्यातलं वाढलेलं पाणी आणि हाडाला फुटलेली टोकं दिसतात. दोन्ही गुडघ्यांचा आणि खुब्यांचा एक्स-रे एकाच वेळी काढून घ्या.

मागच्या पायाने लंगडणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं लिगामेंटच गेलेलं असतं असंही नाही. वाटी सरकणं, खुब्याचा डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं), पाठीच्या कण्याचा दाब, गोचिडींमुळे होणाऱ्या आजारातली सांध्यांची सूज आणि मोठ्या जातींच्या वयस्क कुत्र्यांमध्ये हाडाचा कॅन्सर, हे सगळं सुरुवातीला सारखंच दिसतं. अंदाजाने उपचार सुरू करायचे नाहीत, ते एवढ्यासाठीच.

पायरी २: शस्त्रक्रियेची वेळ गेली का, हे विचारा

‘आता जुनं झालं, काही होणार नाही’ असं स्वतःच ठरवून मोकळे होऊ नका. टीपीएलओ या शस्त्रक्रियेत नडगीचा वरचा भाग कापून, फिरवून, प्लेट लावतात आणि तो उतारच कमी करतात. टीटीए ही नडगीचं घसरणं थांबवण्यासाठीचीच दुसरी पद्धत. लहान कुत्र्यांत सांध्याच्या बाहेरून मजबूत दोऱ्याचा आधार देण्याची पद्धतही चालते. दुखापत जुनी असली तरी गुडघा अजून डगमगत असेल, किंवा फाटलेली मेनिस्कस आत टोचत असेल, तर शस्त्रक्रियेचा फायदा होऊ शकतो. झालेला संधिवात मात्र तिने मागे जात नाही.

कुत्र्याचं वजन इथे महत्त्वाचं. १५ किलोच्या आतले बरेच कुत्रे शस्त्रक्रियेशिवाय बऱ्यापैकी चालते-फिरते होतात, मोठ्या कुत्र्यांमध्ये हे प्रमाण खूपच कमी आहे. शक्य असेल तर हाडांच्या सर्जनचं एकदा मत घ्या आणि सरळ तीन प्रश्न विचारा: गुडघा अजून डगमगतोय का, मेनिस्कस फाटलीय का, आणि शस्त्रक्रिया केली तर याच्या चालण्यात नेमका काय फरक पडेल?

वय, हृदयाचं दुखणं, खर्च किंवा नंतरचे दोन-तीन महिने बंदोबस्तात ठेवणं न जमणं, यांपैकी कशामुळेही शस्त्रक्रिया नको असं ठरलं, तर त्यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. शस्त्रक्रिया झाली तरी पुढच्या पायऱ्या चुकत नाहीतच.

पायरी ३: वजन

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. मला विचाराल तर गोळ्या, सप्लिमेंट आणि पट्टे या सगळ्यांआधी काटा आणा.

४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एक दीर्घ अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न, तेही आयुष्यभर. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं ११.२, आणि संधिवातावर उपचार करायची वेळही त्यांच्यावर बरीच उशिरा आली. आधीच लठ्ठ आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांमध्ये तर शरीराच्या वजनाच्या साधारण ६ टक्के घट झाली तरी लंगडणं कमी झाल्याचं मोजून दिसलंय. ३५ किलोच्या कुत्र्यासाठी ते जेमतेम दोन किलो.

वजन जास्त आहे का, हे बरगड्यांवरून ठरवा. बोटांनी हलकेच चाचपल्यावर बरगड्या सहज मोजता यायला हव्यात. दाबून शोधाव्या लागत असतील तर वजन जास्त आहे. वरून बघितल्यावर कंबर आणि बाजूने बघितल्यावर वर चढणारं पोट दिसायला हवं.

खाणं किती द्यायचं, त्याचा हिशोब साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. कुत्र्याचं आत्ताचं नव्हे, जिथे पोहोचायचंय ते वजन घ्या. समजा ३० किलो. त्याला त्यानेच दोनदा गुणा: ३० × ३० × ३० = २७,०००. वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा: आधी १६४, मग १२.८. याला ७० ने गुणा. आले सुमारे ९०० कॅलरी. वजन उतरवायला दिवसभराचं सगळं खाणं मिळून सुरुवात एवढ्यावर करतात, आणि हा आकडा डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून पक्का करून घ्यायचा. बक्षिसाचे तुकडे, गोळी लपवायला वापरलेलं काहीबाही, जेवताना हळूच खाली सोडलेला घास, सगळं यातच. वरखाणं १० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका.

नेहमीचं खाणं नुसतं निम्मं करणं योग्य नाही, कारण त्यात प्रथिनं आणि खनिजंही निम्मी होतात. वजन कमी करण्यासाठी बनवलेलं खाद्य घ्या, किंवा घरचं देत असाल तर डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्या. भांड्याने मोजू नका, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. आठवड्याला १ ते २ टक्के घट पुरे. दोन आठवड्यांत काटा हललाच नाही, तर घरात कोणीतरी चोरून खायला घालतंय असं खुशाल समजा. बहुधा ते माणूस घरातलं सगळ्यात प्रेमळ असतं.

पायरी ४: फरशी, जिना, पलंग

गुळगुळीत फरशीवर मागचा पाय एकदा फाकला की महिन्याभराची मेहनत पाण्यात जाते. कुत्रा जिथून उठतो, जिथे खातो आणि ज्या वाटेने दाराकडे धावतो, तेवढ्या पट्ट्यावर न सरकणाऱ्या मॅट टाका, अख्खं घर झाकायची गरज नाही. मॅटमध्ये अंतर ठेवू नका, कारण कुत्रा ते उडी मारून ओलांडतो आणि घसरतो.

पंजांच्या खालचे वाढलेले केस कापा, नखं छोटी ठेवा. अंथरूण जाड हवं, पण पाय रुतेल इतकं मऊ नको. पलंग आणि सोफ्यावर चढणं-उतरणं बंद. ते जमणार नसेल तर कमी उताराचा, खरखरीत पृष्ठभागाचा रॅम्प लावा. जिन्याला फाटक लावा. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस घाला, आणि जड कुत्र्याला उठवायला पोटाखालून जाणारा कापडी झोळीपट्टा हाताशी ठेवा. त्याने तुमची कंबरही वाचते.

पायरी ५: चालणं, रोज सारखं

पूर्ण आराम हा जुन्या संधिवाताचा शत्रू आहे. हालचाल थांबली की स्नायू गळतात, आणि लिगामेंट नसलेल्या गुडघ्याला स्नायूंचाच तर आधार असतो.

सुरुवातीचं अंतर कुत्रा ठरवतो. असं अंतर शोधा की ज्यानंतर त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीपेक्षा जास्त आखडलेला नसेल. काहींसाठी ते पाच मिनिटं असतं, काहींसाठी पंधरा. तेवढंच, पण दिवसातून तीनदा आणि आठवड्याचे सातही दिवस. एक-दोन आठवडे ठीक गेले तर साधारण दहा टक्क्यांनी वाढवा. दुसऱ्या दिवशी आखडला तर मागच्या टप्प्यावर या.

वेग मुद्दाम कमी ठेवा. पळताना कुत्रा दुखरा पाय उचलून तीन पायांवर मजेत जातो आणि आपल्याला वाटतं, काय छान धावतोय. हळू चालताना त्याला चौथा पाय टेकवावाच लागतो, व्यायाम होतो तो तेव्हा. पट्टा कायम हातात. चेंडू फेकणं, हवेत झेप, दुसऱ्या कुत्र्याशी धसमुसळेपणा हे कायमचं बंद. यात गोळी लागू पडल्यावरचे पहिले काही दिवस फार जपायचे: कुत्र्याला बरं वाटतं, तो सुसाट सुटतो आणि सांधा पुन्हा सुजतो.

पोहणं चांगलं, पण पाण्यात उडी आणि ओल्या काठावरून घसरत बाहेर येणं वाईट. पाण्यातली ट्रेडमिल असलेलं फिजिओथेरपी केंद्र जवळ असेल तर ती जास्त सुरक्षित.

घरी करायला एक व्यायाम मला सगळ्यात उपयोगी वाटतो, तो म्हणजे बसून उठणं. कुत्र्याला भिंतीला लागून उभा करा, दुखरा पाय भिंतीच्या बाजूला, म्हणजे बसताना तो बाहेर फेकता येत नाही. नाकासमोर त्याच्या रोजच्या खाण्यातलाच एक दाणा धरून हळू बसवा, लगेच पुढे उठवा. सुरुवातीला पाच वेळा पुरे. बसताना दुखून पाय काढून घेत असेल तर थांबा आणि हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून बघून घ्या. व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं कोमट शेक, आपल्या मनगटाला सहन होईल इतकाच. चालून आल्यावर गुडघा गरम लागला तर कापडात गुंडाळलेला बर्फ तेवढाच वेळ.

पायरी ६: औषधं

इथे एकच नियम कडक आहे: माणसांच्या कपाटातली वेदनाशामक गोळी कुत्र्याला नाही. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने नाही.

कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब अशी सूज कमी करणारी औषधं आहेत. संधिवाताच्या उपचाराचा कणा तीच. सुरू करण्याआधी यकृत आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी, काही आठवड्यांनी पुन्हा, आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी ठरावीक अंतराने. गोळी खाण्याबरोबर द्या. यांपैकी दोन औषधं एकत्र द्यायची नाहीत, स्टिरॉइडबरोबर तर नाहीच. एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये किती दिवस सोडायचे ते विचारा. उलटी, जुलाब, खाणं सोडणं किंवा काळी डांबरासारखी शी दिसली तर पुढची गोळी न देता आधी फोन.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर गॅबापेंटिन किंवा अमँटाडीन ही दुखणं कमी करणारी वेगळी औषधं जोडतात. गॅबापेंटिनचं माणसांसाठीचं पातळ औषध घेताना त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा नाही ना, हे बघा. ते कुत्र्यांना विषारी आहे. महिन्यातून एकदा द्यायचं बेडिनवेटमॅब हे इंजेक्शनही आलंय, दुखण्याचा निरोप नेणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवतं. काही कुत्र्यांना त्याने छान फरक पडतो. मात्र २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, तोल जाणं, झटके येणं अशा तक्रारी नोंदल्या गेल्याचं पशुवैद्यांना कळवलंय. तेव्हा आधीपासून मज्जातंतूंचा त्रास असेल तर तसं सांगा.

सप्लिमेंटमध्ये माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ला बऱ्यापैकी आधार आहे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्याच्या कॅलरीही हिशोबात धरायच्या. कॉड लिव्हर ऑइल हे त्याच्या जागी नाही, त्यात जीवनसत्त्व अ आणि ड जास्त होण्याचा धोका असतो. ग्लुकोसामाइनबद्दलचे पुरावे कच्चे आहेत. द्यायचं तर द्या, पण ते देतोय म्हणून वजनाकडे दुर्लक्ष नको. गुडघ्याला बांधायच्या आधारपट्ट्याचं, म्हणजे ब्रेसचंही तसंच. काहींना आधार मिळतो, पण नीट मापाचा नसेल तर कातडी सोलते. तुटलेल्या लिगामेंटचं काम तो पूर्णपणे करू शकत नाही.

पायरी ७: लिहून ठेवा

रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. कुत्र्याला आवडणारी तीन कामं निवडा, उदाहरणार्थ एका झटक्यात उठणं, दाराशी स्वागताला येणं, ठरलेल्या झाडापर्यंत जाणं. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्या. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच वेगाने, मागून आणि बाजूने चालण्याचा व्हिडिओ काढा. मांडीचा घेर शिवणकामाच्या टेपने मोजा, दर वेळी एकाच जागी. डॉक्टरांपुढे ‘जरा बरा वाटतो’ म्हणण्यापेक्षा हे दाखवलं तर औषधाचं प्रमाण ठरवणं कितीतरी सोपं जातं.

मधूनच बिघडलं तर

कितीही सांभाळलं तरी अधूनमधून वाईट दिवस येणारच. कुत्रा जास्त लंगडतोय पण पाय टेकवतोय, खातोय, ताप नाही, असं असेल तर तीन-चार दिवस फिरणं फक्त शी-शूपुरतं ठेवा, व्यायाम थांबवा, बर्फ लावा आणि डॉक्टरांना फोन करा. गोळी स्वतःहून दुप्पट करू नका. बरं वाटल्यावर जुन्या अंतराच्या निम्म्यावरून सुरुवात करून आठवड्या-दोन आठवड्यांत पूर्ववत करा.

पाय अचानक अजिबात टेकवत नसेल, चालताना गुडघ्यातून ‘टक्‌’ असा नवा आवाज येत असेल, सांधा गरम आणि टम्म सुजला असेल, पंजा उलटा पडून घासत असेल किंवा दोन्ही मागचे पाय उचलेनासे झाले असतील, तर वाट बघू नका. आवाजासह अचानक वाढलेलं लंगडणं बऱ्याचदा मेनिस्कस फाटल्याचं असतं, आणि पंजा घासणं गुडघ्यापेक्षा कण्याकडे बोट दाखवतं. त्या दिवशी जाताना वजनाची वही, औषधांची यादी आणि शेवटचा व्हिडिओ बरोबर न्या.